खोकल्याच्या डब्या घेऊन मानपाड्याला

ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा रस्ता माझ्याइतका पाठ असलेला टांगेवाला अख्ख्या टेंभी नाक्यावर सापडणार नाही. पहिल्याच दिवशी दुपारी मी टांगा, घोडी आणि एक डॉक्टरीणबाई असं सगळं दिवा गावच्या खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, नेऊन रुतवलं.

रुतवलं म्हणजे साधंसुधं नाही. एक चाक कण्यापर्यंत चिखलात, दुसरं हवेत, आणि आमची घोडी राणी मान वळवून माझ्याकडे बघतेय. चारचौघांत नवऱ्याने काही बरळलं की बायको बघते ना, तशी. बाई टांग्यात तिरक्या बसलेल्या. मांडीवरची लाकडी पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. तशाच शांतपणे म्हणाल्या, "धोंडू, तुम्ही म्हणत होता तो जवळचा रस्ता हाच का?"

मी मागे वळून बघितलं. मला जन्मात कुणी 'तुम्ही' म्हटलेलं नाही. त्यामुळे सकाळपासून त्या 'तुम्ही' म्हणाल्या की मी मागे बघायचो, आणखी कोण टांग्यात चढलं म्हणून.

आता पहिल्यापासून सांगतो. सांगतोच, लिहायला मला येत नाही. नाक्यावरचा शिंपी लिहून घेतोय. तेव्हा अक्षरांच्या चुका त्याच्या आणि बाकीच्या सगळ्या माझ्या.

स्वातंत्र्य येऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झालेली. कुमुदबाई डॉक्टर ठाण्याच्या एका दवाखान्यात छातीचे रोग बघायच्या. क्षयाचं नाव त्या दिवसांत लोक मोठ्याने घेत नसत. 'तो रोग' म्हणायचे आणि इकडेतिकडे बघायचे. बाईंचं म्हणणं असं, की गावातला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि तोवर त्याने घरातल्या आणखी कुणाला तरी दिलेला असतो. तर आपणच गावात जायचं, खोकणाऱ्यांची थुंकी तपासायची, आणि ज्याला रोग असेल त्याला तिथेच औषध द्यायचं. नवीन औषधं निघालेली. माणसाला घरदार सोडवून डोंगरावरच्या इस्पितळात ठेवायलाच हवं असं आता नाही, असं त्या म्हणायच्या. यासाठी त्यांना टांगा पाहिजे होता, शीळ, मानपाडा, डोंबिवली करत कल्याणपर्यंत. नाक्यावरच्या बाकीच्या टांगेवाल्यांनी थुंकी हा शब्द ऐकला आणि सगळ्यांच्या घोड्यांचे पाय एकदम दुखायला लागले.

मी लगेच हो म्हटलं. मी शूर वगैरे नाही. माझी धाकटी बहीण शेवंती मानपाड्याच्या अलीकडच्या एका गावात दिलेली. पावसाळ्यापासून ती खोकत होती. तिच्या सासूने, भीमाबाईने, तिचं अंथरूण घरातून काढून गोठ्याच्या पडवीत टाकलेलं, तिची दोन वर्षांची पोरगी तिच्याकडून काढून आपल्या कुशीत घेतलेली, आणि निरोप पाठवलेला की शिमगा झाला की तुमची बहीण घेऊन जा. असं माहेरी पाठवलेलं माणूस परत सासरी जात नाही. शेवंतीला पोर पुन्हा दिसली नसती, आणि पोरीला आई. म्हणजे जे काय करायचं ते शिमग्याच्या आत.

हे मी बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलेलं. त्या म्हणाल्या, आधी शीळ, मग मानपाडा. वाटेत माणसं खोकत असताना पुढे जाता येणार नाही. बरोबरच होतं. पण माझा जीव राहीना. म्हणून मुंब्रा गेल्यावर मी म्हटलं, बाई, एक जवळची वाट आहे, शीळ नंतर करू. ती वाट मी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून गेलेलो. बाप पायी चालायचा, टांगा चालवायचा नाही, हे मला चिखलात गेल्यावर आठवलं.

जवळच्या मिठागरावरची माणसं दोर घेऊन आली. त्यांनी आधी बाईंना उतरवलं, मग पेटी, मग घोडी सोडवली, मग टांगा ओढला. सगळं बाहेर आल्यावर एकाने मला विचारलं, "तू उतरनार क तुनाबी दोर लावू?" मी अजून वरच बसलेलो.

त्यांनी आम्हाला झोपडीत नेऊन जेवायला घातलं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा. आम्ही दिवसभर तेच केलेलं, म्हणून मला खाताना जरा वाईट वाटलं. बाई ब्राह्मणाच्या. त्यांनी भाकरी, कांदा आणि मिरचीचा ठेचा घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, पण दुसरी भाकरी मागून घेतली. त्यांचे कॅनव्हासचे पांढरे बूट चुलीपाशी वाळत होते. पुढचे सगळे दिवस ते बूट खाजणाच्या चिखलाच्या रंगाचेच राहिले.

शीळ

दुसऱ्या दिवशी सरळ रस्त्याने शीळफाट्याला पोचलो. सरळ म्हणजे राणी मधे एका ठिकाणी थांबली तेवढं सोडून. तिथे पूर्वी माडीचं दुकान होतं. दारूबंदी येऊन कितीतरी वर्षं झाली, दुकानाचं छप्परसुद्धा पडलं, पण घोडीला कुणी सांगितलेलं नव्हतं. बाईंनी विचारलं, ही इथेच का थांबते. मी म्हटलं, पाणी प्यायची सवय. बाई म्हणाल्या, कुणाची?

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर माणसं जमली. बाईंची भाषा एकदम पुस्तकातली. 'कफ', 'जंतू', 'संसर्ग' असं त्या बोलायला लागल्यावर लोक माझ्याकडे बघायला लागले, आणि मी दुभाष्या झालो. त्यांनी पत्र्याच्या छोट्या झाकणवाल्या डब्या वाटल्या. ज्याला महिन्याच्या वर खोकला आहे त्याने सकाळी उठल्या-उठल्या, तोंड धुवायच्या आधी, छातीच्या तळातून खोकून डबीत थुंकायचं आणि झाकण लावून डबी परत द्यायची. सांगणं एवढंच.

मी तेवढंच सांगितलं असतं तर हे पुढचं झालं नसतं. पण समोर एवढी माणसं, मी ओट्यावर उभा. मला चेव आला. मी म्हटलं, बघा, एवढी शिकलेली बाई आपल्या दारात आलेय, ह्या डब्या तिच्या आहेत, तर मान ठेवून परत द्या, आपल्या गावाचं नाव जाईल असं करू नका. लोकांनी माना डोलवल्या. बाई मला म्हणाल्या, छान समजावलंत. मी रात्री तीनदा त्या आठवणीने कूस बदलली.

सकाळी बायका डब्या घेऊन आल्या. अशा चकचकीत, की तोंड बघून घ्यावं. मी एकेक घेऊन खोक्यात ठेवत होतो, तर एक डबी खुळखुळली. म्हटलं, थुंकी कशी खुळखुळेल? उघडली. आत गूळ आणि शेंगदाणे. बाई अजून तोंड धूत होत्या आणि मी उपाशी. खाल्ले. दुसरीत साखर होती, तीही खाल्ली. तिसरीत सुकट होती, ती तशीच ठेवली. सकाळी सकाळी चहाशिवाय सुकट मला चालत नाही.

बाई आल्या, त्यांनी एक डबी उघडली, तांदूळ. दुसरी उघडली, वाल. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मिशीला साखर लागलेली.

मग चौकशी झाली. एक म्हातारी म्हणाली, परक्या माणसाचं भांडं रिकामं कसं पाठवायचं, आमच्याकडे रीत नाही तशी. बाई म्हणाल्या, रिकामं नव्हतं पाठवायचं, त्यात थुंकायचं होतं. तर एक तरणी बाई पुढे आली आणि खाली मान घालून म्हणाली, "मी थुकलेली बाय. पन ते बघून मनाच घान वाटली. तुमाला कशी देऊ? दोनदा राख लावून घासली, मंग गूल घातला."

सगळ्यांनी तेच केलेलं. पहाटे मनापासून खोकून थुंकलेले, आणि मग पाहुणीचा मान ठेवून घासून पुसून भरलेल्या.

कुमुदबाई ओट्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मीही हसलो. मग मला आठवलं.

"बाई, ह्या डब्या नव्या होत्या ना?"

"नाही. दवाखान्यातल्या आहेत."

"पण उकळलेल्या."

"डब्या उकळल्या होत्या," बाई म्हणाल्या. "झाकणांचं मला नक्की आठवत नाही."

तेव्हापासून मला खोकला लागला. डब्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भरून आल्या, या वेळी खरंच. बाईंनी त्या दिवसभर तपासल्या, कुणाला औषध सुरू केलं, कुणाला नुसतं धुरापासून लांब बसायला सांगितलं. मी तेवढा वेळ टांग्यात पडून माझी छाती आतून कुठे कुठे दुखते ते मोजत होतो.

डोंगराकडेचा रस्ता

शीळ सोडून मानपाड्याकडे निघालो. कापलेल्या भाताची खुंटं, त्यात वालाचे हिरवे पट्टे, डोंगराच्या अंगाला सावरीची लाल फुलं. आता तिथून मोटारी जातील, कारखाने येतील असं लोक बोलतात. तेव्हा त्या रस्त्याला आमच्याशिवाय एक बैलगाडी होती आणि तिचा मालक झोपलेला.

संध्याकाळी एका शेतात माणसं पोपटी लावत होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मीठ, वरून पुन्हा पाला. मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवायचा. आम्हाला हाक मारलीच. शेंगा सोलता सोलता बाईंनी सांगितलं की हे मडक्याच्या आत होतं ना, तोंड बंद आणि बाहेरून जाळ, तसाच दगडी कोळसा भट्टीत भाजतात. त्यातून डांबर निघतं. त्या डांबरातून एक उग्र वासाचं तेल काढतात. आणि त्या तेलावर आणखी बरीच उठाठेव केली की होते ती पांढरी गोळी, क्षयाची.

मी म्हटलं, बाई, मी आडाणी आहे म्हणून काहीही सांगू नका. डांबर रस्त्यावर ओततात.

त्या म्हणाल्या, गंमत पुढेच आहे. ही गोळी ज्या चीजेची आहे ती युरोपात दोघा विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरती बनवलेली, चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी. बनवली, कागदावर लिहून ठेवली, विसरले. ती क्षयावर चालते हे कुणाला ठाऊकच नव्हतं. चाळीस वर्षं लोक मरत होते आणि औषध फळीवर पडून होतं. आता तीन-चार वर्षांपूर्वी कुणी तरी वापरून बघितलं.

मी हातातली शेंग खाली ठेवली.  माझा बाप त्याच रोगाने गेलेला, त्या चाळीस वर्षांच्या मधेच कधीतरी.

मग मी जरा खोकून दाखवलं. बाईंनी नळी काढून माझ्या छातीला लावली, पाठीला लावली, बराच वेळ ऐकलं. म्हणाल्या, आत शेंगा चघळल्याचा आवाज येतोय, आधी गिळा.

मानपाडा

शेवंतीच्या घरी पोचलो तेव्हा ती पडवीच्या दाराशी बसलेली. मला बघून उठली, आणि उठताना तिला भिंत धरावी लागली. माझी बहीण लग्नात एका हाताने पाण्याचा हंडा उचलून कडेवर घेणारी. मी म्हटलं, काय गं, सासरी खायला घालत नाहीत का, तर ती हसली आणि हसता हसता खोकायला लागली, ते थांबेचना. अंगणात पलीकडे भीमाबाई उभी. तिच्या कडेवर पोर, यमी. यमीने आईकडे हात पसरले. भीमाबाई वळून घरात गेली.

भीमाबाई वाईट बाई नाही. कुमुदबाईंना तिने खुर्ची दिली, चहात वेलची घातली. शेवंतीचा नवरा मुंबईला गिरणीत, रविवारी यायचा आणि आईसमोर बोलायचा नाही, त्यामुळे घरात काय ते तीच. ती स्पष्ट म्हणाली की सुनेशी माझं वैर नाही, पण माझ्या घरात एक पोर आहे, मला ते जगवायचंय. रोग आहे तर आहे, नाही तर नाही, शिमग्यानंतर ती भावाकडे जाईल. बाई म्हणाल्या, आधी बघू तरी. डबी काढली.

या वेळी मी दुभाष्याचं काम चोख केलं. म्हटलं, हे बघा, घासायचं नाही, पुसायचं नाही, भरायचं नाही, गूळ नाही, तांदूळ नाही, मान नाही, पान नाही, नुसतं थुंकायचं. शेजारच्या चार बायका भिंतीवरून ऐकत होत्या. एक दुसरीला म्हणाली, शेवंतीच्या भावाला काय झालंय गं?

बाईंनी दुसरी डबी भीमाबाईपुढे धरली. भीमाबाई बोलता बोलता खोकायची, हे माझ्या लक्षातसुद्धा आलेलं नव्हतं. घरातलं जातं जसं घरघरतं तसा तो आवाज. ती डबीला हात लावेना. "मना काय झालाय? माजा खोकला जुना हाय. माज्या पोरापेक्षा जुना."

बाई म्हणाल्या, आम्ही जुना खोकला आधी तपासतो. भीमाबाई उठून चुलीकडे गेली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला दुसरं काही येत नाही, वात्रटपणा येतो. मी चुलीपाशी जाऊन बसलो आणि म्हटलं, मावशे, बरोबर आहे तुझं. तुझ्या छातीत आता जोर कुठला? टेंभी नाक्यावर एक म्हातारा आहे, तो खोकला की तळ्यातली बदकं उडतात. तुझं वय झालं. तिने चुलीत काटकी सारली. मी म्हटलं, माझंच बघ, आणि जोरात खोकलो. ती म्हणाली, ह्या काय खोकला हाय? मांजर शिंकतं तसा. मी आणखी जोरात खोकलो. ती म्हणाली, बाजूला हो. आणि एक हात भिंतीला लावून, दुसरा कमरेवर ठेवून ती अशी खोकली की गोठ्यात राणीने कान उभे केले. मी डबी पुढे धरली. तिने त्यात थुंकून मला सुनावलं, "हा खोकला. आता बोल."

मी कान पकडले. हरलो. बाईंनी झाकण लावलं. सकाळचं नसलं तरी चालेल म्हणाल्या.

सकाळी शेवंतीची डबी आली. मी माझीही दिली. शीळच्या साखरेचा काय तो निकाल लागू दे. बाईंनी अंगणात पाट मांडला आणि पेटीतून दुर्बीण काढली, बारीक जंतू मोठे दाखवणारी, उभी, पितळेची, खाली आरसा. काचेच्या पट्टीवर थुंकीचा ठिपका पसरून वाळवला, त्यावर लाल रंग ओतला, खालून स्पिरिटचा दिवा दाखवला, वाफ निघाली तसा धुतला, मग आम्ल, मग निळा रंग. हा लाल रंगही डांबरातलाच, त्या म्हणाल्या. क्षयाचा जंतू मेणचट, एकदा लाल झाला की आम्लाने धुवूनही लाल सोडत नाही. बाकी सगळं निळं होतं. म्हणजे निळ्यात लाल काड्या दिसल्या की समजायचं.

पहिली माझी. बऱ्याच वेळाने वर बघून म्हणाल्या, यात काही नाही. मी छाती पुढे काढली. तर म्हणाल्या, शेंगदाण्याचा कण आहे एक.

मग शेवंतीची. शेवंती खांबाला टेकून उभी. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. बाईंनी पट्टी इकडून तिकडे सरकवली, परत सरकवली. म्हणाल्या, "आहेत. थोड्या आहेत, पण आहेत."

 भीमाबाईने यमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. शेवंती पडवीत आत गेली. मला वाटलं, संपलं. चिखलातनं टांगा काढून इथवर आलो ते शेवंतीच्या नावावर शिक्का मारायला आलो.

बाईंनी तिसरी पट्टी लावली. या वेळी त्यांना इकडून तिकडे सरकवायला लागलंच नाही. एका जागी डोळा लावला, उचलला आणि म्हणाल्या, भीमाबाई, इथे या, तुम्हीच बघा.

भीमाबाईने पोरीला माझ्याकडे दिलं आणि वाकून बघितलं. आरशावर ऊन पडलेलं. ती बराच वेळ वाकलेली होती. मग म्हणाली, "कुंकवात बुडवलेला पेंढा कापून टाकल्यासारखा दिसतंय. ही शेवंतीची?"

"ही तुमची," बाई म्हणाल्या.

भिंतीवरच्या शेजारणी दिसेनाशा झाल्या. भीमाबाई पुन्हा वाकली, पुन्हा बघितलं. सरळ झाली तेव्हा ती बाईंकडे नाही, माझ्या हातातल्या पोरीकडे बघत होती. हळू आवाजात म्हणाली, "पोर रातचं माज्या कुशीत निजतं."

 यमीने माझी मिशी ओढली, मी ओय केलं, तेवढाच आवाज.

बाईंनी पोरीला मांडीवर घेऊन नळी लावली, वजन बघितलं, मानेच्या गाठी चाचपल्या. म्हणाल्या, आज तरी ठणठणीत आहे. ठाण्याला आणा, हातावर सुई टोचून नक्की बघू. मग भीमाबाईसमोर बसून त्यांनी सावकाश सांगितलं. कुणी कुणाला दिला ते शपथेवर सांगता येणार नाही, आणि सांगून उपयोग नाही. गोळी आणि पूड, दोन्ही रोज, निदान दीड वर्ष. एकच औषध दिलं तर जंतू सरावतो, म्हणून दोन. एक दिवस चुकवायचं नाही. खिडक्या उघड्या, थुंकी डबीत आणि डबी जाळावर, आणि पहिले काही महिने पोर शेजारणीकडे निजेल. तेवढं केलं तर दोघी बऱ्या व्हाल, इथेच, घरात.

भीमाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग शिमग्याचा विषय तिने स्वतःच काढला. म्हणाली, रोग झाला म्हणून सुनेला माहेरी पाठवायची, तर मग मलाही पाठवायला पाहिजे. "माजा माहेर आता कंचा? भाऊ मेला, घर पडला. कुठं जाऊ?"

शेवंती पडवीतनं बाहेर आली. ती म्हणाली, "माज्या बाजूला जागा हाय."

त्या संध्याकाळी भीमाबाईने स्वतःचं अंथरूण उचलून पडवीत सुनेच्या अंथरुणाशेजारी टाकलं. मी मदत करायला गेलो तर तिने माझ्या डोक्यात उशी आपटली.

डोंबिवली

निघताना भीमाबाईने बाईंना वालाने भरलेला पत्र्याचा डबा दिला. डोंबिवलीला बाईंच्या आईचं घर. तेव्हा डोंबिवली म्हणजे स्टेशन, झाडं आणि झाडांमधून वर्तमानपत्र वाचणारी माणसं. आईंनी मला पाटावर बसवून वरण-भात, तूप, लिंबू वाढलं. सगळं इतकं बेताचं आणि नीटनेटकं, की मी तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा स्वयंपाकघरात थोडी धावपळ ऐकू आली. आमच्याकडे पाहुणा नको म्हणतो आणि यजमान वाढतो. तिथे नको म्हटलं तर खरंच वाढत नाहीत. पहिल्यांदा संकोचाने नको म्हटलेलं, नंतर तोंडाने मागितलं नसतं तर ते मला महागात पडलं असतं.

उठताना आईंनी भीमाबाईचा डबा आणला. वाल काढून घेतलेले, डबा घासलेला, आत बेसनाचे लाडू. म्हणाल्या, त्या बाईंना परत द्या, रिकामा कसा पाठवायचा?

मी कुमुदबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "धोंडू, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

मी कल्याणपर्यंत बोललो नाही. म्हणजे दुर्गाडीचा किल्ला दिसेपर्यंत. तिथे खाडीच्या काठाने आणखी दोन गावं झाली, पण डब्यांचं नाव लोकांपर्यंत आधीच पोचलेलं. थुंकी मिळाली, गूळ मिळाला नाही. तिथून बाई ठाण्याला आगगाडीने गेल्या. दिव्याची वाट त्यांच्या लक्षात होती.

पुन्हा मानपाडा

त्यानंतर दर महिन्याला औषध पोचवायचं काम माझ्याकडे आलं. गोळीचं काही नव्हतं, पण पूड फार कडू, पोट ढवळून काढायची. भीमाबाई तिला शिव्या द्यायची आणि मग मला. दोनेक महिन्यांत दोघींचा खोकला बसला, अंगावर मांस आलं, तशी भीमाबाई म्हणाली आता बास झालं, मी बरी आहे. असं म्हणून सोडलं की रोग दुप्पट जोराने येतो, हे बाईंनी बजावलेलं. मी समजवायला गेलो, तर मलाच एक चिमूट पूड खाऊन दाखव म्हणाली. मी खाल्ली आणि तिचीच बाजू घ्यायला लागलो. शेवंती मात्र बोलायची नाही. रोज पाण्याचा तांब्या आणि पूड घेऊन सासूसमोर उभी राहायची, आधी स्वतः घ्यायची, मग हात पुढे करायची, आणि भीमाबाईने गिळेपर्यंत तिथून हलायची नाही. सणाला, लग्नाला, भर पावसात लावणी चालू असताना शेताच्या बांधावर, सगळीकडे तो तांब्या असायचा.

दोन पावसाळे गेले. भात झोडायच्या दिवसांत बाई पुन्हा माझ्या टांग्यातून आल्या, उभी दुर्बीण घेऊन. दोघींच्या पट्ट्या निळ्या. नुसत्या निळ्या. यमीच्या हातावर सुई टोचून तर त्यांनी आधीच बघितलेलं, काही निघालं नव्हतं. बाईंनी औषध बंद केलं आणि अंगणात चहा मागितला.

खळ्यावर माणसं जमली. अशा वेळी मला राहवत नाही. मी पेंढ्याच्या ढिगावर चढलो आणि सांगायला सुरुवात केली, की ह्या घरावर काय संकट आलेलं, नाक्यावर एकही टांगेवाला तयार नव्हता तेव्हा मी कसा निघालो, चिखल, खाजण, शीळच्या डब्या, आणि भीमाबाईच्या छातीतला रोग शेवटी कुणी बाहेर काढला, तर ह्या धोंडूने, आणि दर महिन्याला औषध कुणी आणलं, तर ह्याच धोंडूने, म्हणजे खरं बघायला गेलं तर ह्या दोघींना बरं केलं कुणी?

शेवंती भाताने भरलेला हारा, ती मोठी टोपली, उचलून डोक्यावर घेत होती. एकटीने, कुणाचा हात न लावता. यमी तिच्या पदराला धरून. तिने हारा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दादूस, गोल्या आमी गिलल्या. तू निसता बोललास. आता खाली उतर आनि हा हारा उचल."